तीन तास आणि आईंची पाच मिनिटं

जर्मनीतल्या येना शहरात ज्या औषधाच्या दुकानात मी एकवीस वर्षं काम केलं, तिथे काउंटरपासून दोन पावलांवर जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. पुढच्या गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत मागच्याने त्या पट्टीपलीकडे उभं राहायचं, म्हणजे कुणाला काय झालंय हे शेजाऱ्याच्या कानावर पडत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पट्टी झिजायची आणि आमच्या मालकीणबाई, फ्राऊ लिंडनर, स्वतः गुडघ्यांवर बसून नवी चिकटवायच्या. आम्ही कुणी मदतीला गेलो तर म्हणायच्या, "नको. तुमची वाकडी लागते."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी दुकानाबद्दल लिही, असं एका मैत्रिणीने गेल्या वर्षीच सुचवलं होतं. तेव्हा काहीतरी हलकंफुलकं लिहायचं मनात होतं. विक्षिप्त गिऱ्हाइकांचा माझ्याकडे भरपूर साठा आहे. पण मध्ये हिवाळ्यात पुण्याला माझ्या सासूबाई गेल्या, आणि आता लिहायला बसलं की बाकीची गिऱ्हाइकं पट्टीमागे उभी राहतात आणि त्याच पुढे येतात. त्यांना जर्मन येत नव्हतं. दुकानात त्या एकदाच आल्या. तरी माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक आठवायची तर त्यांच्याशिवाय आठवता येत नाही. चूक त्यांची होती असं मी बरेच दिवस समजत होते.

आधी कामाबद्दल थोडं सांगते. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि पुढच्याकडे वळतो. इथे सुट्या गोळ्या मिळत नाहीत, अख्खी खोकी मिळतात, आणि खोकं देताना औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगणं हे आमचं काम असतं. इथल्या आपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, काउंटरमागे उभं राहण्यासाठी पुण्याच्या माझ्या बी.फार्म.च्या पदवीवर आणखी बऱ्याच परीक्षा द्याव्या लागल्या. ते सगळं पुस्तकातून आलं. काउंटरवर बोलायचं कसं ते मात्र फ्राऊ लिंडनर यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

"समजलं का, असं कधीही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे हो म्हणतात. आजारी माणूस तर दोनदा म्हणतो, हो, हो. त्याला घरी जायचं असतं."

"मग काय विचारायचं?"

"म्हणायचं, उद्या सकाळचं सांगा. उठल्यापासून."

मला ते जरा बालिश वाटलं. मग एक दिवस हेर ब्योमे आले. आयुष्यभर भिंगं घासण्याचं काम केलेला, उंच, खडूस निवृत्त गृहस्थ. त्यांना एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग झाला होता, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. हाडांच्या आतल्या मगजात पांढऱ्या पेशी हाताबाहेर वाढू लागतात, पण हळूहळू. एके काळी हे निदान म्हणजे मोजकी वर्षं असा अर्थ असायचा. आता तोंडाने घ्यायची औषधं आहेत, आणि ती नीट घेतली तर बरीच माणसं नोकरी करतात, भांडतात, म्हातारी होतात. "नीट" या शब्दात सगळं आलं. रुग्णालयात सलाईन लावायला परिचारिका असते. घरच्या कॅप्सूलला कुणी नसतं.

हेर ब्योमे यांना मी सगळं सांगितलं. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. त्यांनी दोनदा हो म्हटलं. मी म्हटलं, "उद्या सकाळचं सांगा."

ते वैतागले, पण सांगू लागले. "उठतो. कुत्र्याला फिरवून आणतो. मग एक ग्लास ग्रेपफ्रूटचा रस पितो, तब्येतीला चांगला असतो. मग तुमची ही कॅप्सूल. एवढी मोठी गिळवणार नाही, तर उघडून दह्यात घालीन. संध्याकाळी विसरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घेईन."

शेजारी फ्राऊ लिंडनर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छान. कुत्र्याचं तेवढं तसंच राहू द्या."

ग्रेपफ्रूटमुळे हे औषध रक्तात नको इतकं चढतं. विसरलेली मात्रा भरून काढायला दोन घ्यायच्या नसतात, चुकली ती चुकली, पुढची तिच्या वेळेला. आणि कॅप्सूल गिळवत नसेल तर आधी आम्हाला विचारायचं, मनाने दही काढायचं नाही. हे सगळं त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. जाताना ते पुटपुटले, "घासलेल्या भिंगाचीसुद्धा इतक्या वेळा तपासणी होत नाही."

अशी खूप माणसं. नोव्हेंबरात सूर्य दिसेनासा झाला की मन उदास होतं म्हणून योहानिसक्राउट या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा काढा पिणाऱ्या एक बाई होत्या. "ते औषध थोडंच आहे, ते तर गवत आहे," असं म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्या गवताने त्यांच्या कर्करोगाच्या गोळ्यांचा जोर निम्म्यावर आणून ठेवला होता. "सकाळचं सांगा" म्हटल्यावर काढा आपोआप बाहेर आला. हळूहळू मला या प्रश्नाचा गर्व वाटू लागला. कुणाच्या स्वयंपाकघरात काय चुकतंय ते मी काउंटरवरून ओळखते, असं मी जेवताना घरी सांगायची. माझा नवरा श्रीनिवास ऐकून घ्यायचा.

मग दहा वर्षांपूर्वी तोच आजार श्रीनिवासला झाला.

त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. त्याला सुरुवातीला एक औषध दिलं, ते जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं होतं. ते त्याला मानवलं नाही. सहा-सात महिन्यांनी डॉक्टरांनी ते बदलून दुसरं दिलं, हेर ब्योमे यांचंच. ते मात्र रिकाम्या पोटी. एकाच आजाराची दोन औषधं, नियम अगदी उलटे. मला यात काही विशेष वाटलं नाही. माझं कामच ते.

औषध बदललं त्याच सुमारास आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुण्याहून आल्या. मुलगा आजारी आहे म्हटल्यावर त्यांना राहवेना. व्हिसा तीन महिन्यांचा. लेक आखनला शिकायला गेली होती, तिची खोली रिकामीच होती. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बुटक्या, ताठ, आठवड्यातून निदान एक उपास करणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कॅप्सूलचं खोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"गेल्या वर्षी फोनवर म्हणालात, जेवणाबरोबर घ्यायचं. आता म्हणता उपाशी. तुमच्या डॉक्टरांचं एक काय ते ठरू दे."

"अहो आई, ते औषध वेगळं होतं."

"आजार तोच ना?"

मी हसले. एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, *सकाळी आठ, रात्री आठ, रिकाम्या पोटी*, आणि तो फ्रिजवर लावला. आई, समजलं ना, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या.

एकवीस वर्षांत जे मी एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही, ते घरी विचारलं.

सकाळी सव्वासातला मी दुकानात जायला निघायची. श्रीनिवास दहाला निघायचा, मायलेकांना मध्ये पावणेतीन तास मिळायचे. त्याला बरं वाटत होतं, रक्ताचे आकडे सुधारत होते. संध्याकाळी माझ्या देखत सगळं शिस्तीत चालायचं. साडेपाचला जेवण, आठला कॅप्सूल. "आपण जैन झालो," असं आई पुण्याला फोनवर सांगायच्या.

पाचव्या आठवड्यात रुग्णालयात त्याचा नेहमीचा ईसीजी काढला. दुपारी त्याच्या डॉक्टरांचा, एका तरुण बाईंचा, मला दुकानात फोन आला. आलेखातलं एक अंतर बरंच लांबलं होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर एक ठोका दिल्यावर हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतं, त्या सज्ज होण्याला फार वेळ लागत होता. तो आणखी वाढला तर ठोक्यांची लय बिघडते, आणि धडधाकट दिसणारा माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. हे औषध रक्तात जास्त चढलं की असं होतं.

"आजपासून कॅप्सूल बंद," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी रक्त ठीक आहे. दुसरं काही घेतायत का ते? सर्दीचं औषध, फळांचे रस, काढे? आणि ते जेवणाचं पाळतायत ना?"

"घरात मी आहे," मी म्हटलं. "सगळं नियमाप्रमाणे आहे."

त्या म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर आहे. तरी एकदा पाहा."

संध्याकाळी मी घरातली कपाटं उघडली. रसाची खोकी वाचली, त्याच्या कोटाचे खिसेसुद्धा तपासले. काही नव्हतं. आईंना काळजी नको म्हणून औषध बंद केल्याचं सांगितलं नाही. फ्राऊ लिंडनर यांना फोन करून दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला उद्या सकाळचं विचारलंत?"

नव्हतं विचारलं. त्याची सकाळ मला पाठ आहे असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सव्वासात झाले तरी मी टेबलाशी बसून राहिले. "आज दुकान नाही?" आईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. रजा आहे, असं मी सांगितलं. पावणेआठला त्या स्टीलचा पेला घेऊन आल्या. मला पाहून जरा अडखळल्या, मग पेला श्रीनिवासच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय, आई?"

"दूध."

"रोज देता?"

"आल्यापासून देते. दोन चमचे तूप घालते आणि बदामाची पूड. तूप घरचंच आहे, इथलं लोणी मीच कढवलंय."

"अहो, पण आठला त्याची कॅप्सूल असते."

"म्हणून तर पावणेआठला देते. इतकं जहाल औषध कोरड्या पोटात कसं घालायचं? आतून भाजून निघेल पोर."

"फ्रिजवर कागद लावलाय मी. रिकाम्या पोटी."

"मग रिकाम्या पोटीच घेतो की! न्याहारी नऊच्या पुढेच देते मी त्याला. दूध प्यायलं म्हणजे काय जेवण झालं?"

मी श्रीनिवासकडे पाहिलं. तो टेबलावरच्या कापडाची नक्षी बघत होता.

"तू काय करत होतास?"

"दोन चमचे गं," तो म्हणाला. "मला वाटलं, नगण्य असेल. आणि आई इतक्या लांबून आलीय."

या माणसाची सारी नोकरी काचेवरच्या केसाहून बारीक थराची जाडी मोजण्यात गेली. त्याला दोन चमचे तूप नगण्य वाटलं.

या औषधाला स्निग्ध पदार्थ मिळाला की ते रक्तात जवळपास दुप्पट शिरतं. रोज सकाळी आई त्याला अधिक जोराची मात्रा देत होत्या, आणि पेला विसळून ठेवत होत्या. मला हे सगळं एकदम दिसलं आणि मी ओरडले. तीस वर्षांच्या संसारात आईंसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. "आई, तुम्ही रोज त्या पेल्यातून त्याला मारताय."

त्यांनी पेला उचलला, मोरीत ओतला आणि लेकीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दिवसभर जेवल्या नाहीत. श्रीनिवास दोनदा दाराशी जाऊन आला. मी डॉक्टरांना फोन करून तूप सापडल्याचं सांगितलं. त्या समजुतीने बोलल्या, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

संध्याकाळी चारच्या सुमाराला आई बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"तुझे सासरे कशाने गेले ठाऊक आहे तुला?"

"पोटाच्या विकाराने."

"गुडघ्यांसाठी गोळ्या घ्यायचे ते. दुखणं थांबवायच्या. उठल्या उठल्या, चहासुद्धा न घेता. मी म्हणायचे, अहो, पोटात काहीतरी घाला आधी. ते म्हणायचे, तुला काय कळतंय त्यातलं. मग मीही गप्प बसले. एक दिवस रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरने मला विचारलं, रिकाम्या पोटी गोळ्या घेत होते का हो? तिसऱ्या दिवशी गेले." त्यांनी पदर सारखा केला. "त्या दिवशी ठरवलं, आता घरात कुणाला कोरड्या पोटी गोळी घेऊ द्यायची नाही. कुणी काही म्हणो."

त्यांचं बरोबर होतं. दुखण्यावरच्या त्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका, असं मी स्वतः काउंटरवर रोज सांगत होते. त्यांचा नियम खरा होता आणि तो त्यांना नवरा गमावून मिळाला होता. फक्त हे औषध निराळं होतं. आणि तीस वर्षांत मी त्यांना सासऱ्यांबद्दल एकदाही नीट विचारलं नव्हतं. जरा गिऱ्हाईक समजले असते त्यांना तर विचारलं असतं.

मग मी नव्याने सुरुवात केली. तूप पोटात असलं की काय होतं ते सांगितलं, हृदयाचं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे दोन तास आधी काही नाही आणि एक तास नंतर काही नाही."

"हो."

"मग उपास आहे असं सांग ना सरळ. रिकामं पोट, रिकामं पोट काय लावलंयस? दूध चालेल?"

"नाही."

"उपासाला दूध चालतं."

"या उपासाला नाही."

"साबुदाणा?"

"नाही, आई."

"वरी? राजगिरा? एखादं केळं?"

"फक्त पाणी. साधं."

"असला कसला उपास? जर्मन दिसतोय," त्या म्हणाल्या. मग श्रीनिवासकडे वळल्या. "आणि तू रे गाढवा, तुला ठाऊक होतं ना? मला नको म्हणायला तोंड नव्हतं तुझं?"

दहा-बारा दिवसांनी ईसीजी पूर्ववत झाला आणि डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली. पहिल्या सकाळी मी दुकानात उशिरा गेले. आई सहा वाजताच उठून बसल्या होत्या. सहानंतर श्रीनिवास स्वयंपाकघराच्या दाराशी जरी आला तरी त्यांची नजर त्याच्या हाताकडे. आठला पाण्याबरोबर कॅप्सूल. मग एक तास. नऊ वाजले तसा त्याने ब्रेडकडे हात नेला.

"थांब. अजून पाच मिनिटं."

"आई, नऊ झाले."

"घड्याळं पुढेमागे असतात."

"हे घड्याळ रेडिओच्या लहरींवर चालतं. सेकंदाचासुद्धा फरक पडत नाही त्यात."

"असू दे. संकष्टीला पंचांगात चंद्र उगवला तरी मला दिसल्याशिवाय मी जेवत नाही. पाच मिनिटांनी काही मरत नाहीस."

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, "सोड रे उपास." मगच त्याने खाल्लं. त्यांचा मुक्काम संपेपर्यंत रोज हेच. ज्या हातांनी पेला दिला होता त्याच हातांनी त्या आता लोण्याची डबीसुद्धा फ्रिजच्या मागच्या बाजूला लपवून ठेवत.

जाण्याआधी त्यांना दुकान बघायचं होतं. पिवळ्या पट्टीपाशी आल्यावर त्या न सांगता थांबल्या. रांग हा प्रकार त्यांना कळत होता. फ्राऊ लिंडनर काउंटरमागून बाहेर आल्या, हात मिळवला आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्यांच्या उद्या सकाळचं ऐकायचंय."

मी भाषांतर केलं. आईंना यात काही विचित्र वाटलं नाही. उठणं, आंघोळ, देव, सहा वाजता मुलावर पहारा, आठ, नऊ, नऊ पाच, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. फ्राऊ लिंडनर यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "आल्झो, थोडक्यात काय," त्या मला म्हणाल्या, "यांना व्हिसा वाढवून मिळत नाही, हे दुकानाचं नुकसान आहे."

त्यानंतर काउंटरवरचं माझं बोलणं बदललं. उद्या सकाळचं विचारायचेच, पण एखादा नियम कुणी मोडताना दिसलं की आणखी एक विचारायचे: हे असं करायचं कुठून शिकलात? बहुतेक वेळा मागे कुणीतरी असायचं. आई, मेलेला भाऊ, जुना डॉक्टर. हेर ब्योमे यांनासुद्धा मी उपासाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तीन तास? पूर्व जर्मनी होती तेव्हा आम्ही केळ्यांसाठी याहून जास्त वेळ रांगेत उभे राहिलोय." पण मग दर महिन्याला औषध न्यायला आले की विचारायचे, "तुमच्या सासूबाई काय म्हणतात? अजून पाचच मिनिटं?"

पुण्याला परतल्यावर आईंनी रोज सकाळी आठ वाजता फोन सुरू केला. आमच्या आठला, त्यांच्याकडे तेव्हा दुपार होत आलेली असायची. "घेतलीस?" "घेतली." मग तासभर बोलत बसायच्या, म्हणजे त्याचं लक्ष खाण्याकडे जाऊ नये. शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, भाजीवाल्याशी झालेलं भांडण, एखाद्या पुस्तकातली दोन पानं वाचून दाखवणं. श्रीनिवास फोन टेबलावर उभा करून ठेवायचा आणि मोजे घालत, टपाल उघडत ऐकायचा. ऑक्टोबरात इथली घड्याळं एक तास मागे गेली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमचं सरकार घड्याळ फिरवतं, ते औषधाला कसं कळतं?" इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारला नव्हता. तासाभराने बिघडत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नसावं, कारण त्या आठवड्यात त्या रोज पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा फोन करत त्याला हळूहळू नव्या वेळेवर घेऊन आल्या.

मी त्या दिवशी ओरडले त्याची माफी मागायची राहिली. एकदा फोनवर विषय काढला होता. "अहो आई, तेव्हा मी जे बोलले..." त्यांनी मध्येच तोडलं. "हा तास श्रीचा आहे. त्यात तुझं काही आणू नकोस." आणि पुन्हा भाजीवाल्यावर गेल्या. मलाही सुटल्यासारखं वाटलं. नंतर बोलू म्हटलं. दुसरा तास शोधला नाही, एवढं खरं.

नऊ वर्षं हे चाललं. श्रीनिवासचं रक्त ठीक आहे, हृदय ठीक आहे. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि आल्यावर आईंना आकडे कळवायचा. त्या ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवायच्या, गॅसचा नंबर लावल्याच्या तारखेशेजारी.

यंदा जानेवारीत, एका पहाटे माझ्या दिरांचा फोन आला. आई झोपेतच गेल्या होत्या. सत्त्याऐंशी वर्षं. आदल्या सकाळी त्यांनी श्रीनिवासला अर्धा तास तिळाचे लाडू कसे बिघडले ते सांगितलं होतं.

दुपारच्या विमानाची तिकिटं मिळाली. बॅगा भरल्या. स्वयंपाकघरात मी काही पेटवलं नाही. आठला पाच मिनिटं कमी असताना श्रीनिवास कॅप्सूल हातात घेऊन माझ्याकडे आला.

"आज घेऊ?"

"आजसुद्धा," मी म्हटलं.

त्याने पाण्याबरोबर ती घेतली आणि नेहमीच्या खुर्चीवर बसला. सवयीने फोन टेबलावर उभा केला. बाहेर बर्फ वितळून पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. नऊ वाजता मी उठले. प्रवास लांबचा होता आणि त्याच्या पोटात काही नव्हतं. चहा केला, त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "तास झाला."

त्याने कपाला हात लावला नाही. "अजून पाच मिनिटं," तो म्हणाला.

मी त्याच्याशेजारी बसले. चहावर साय धरत होती. नऊ पाच झाले तरी तो तसाच बसून राहिला, फोनकडे बघत. मला वाटलं, वेळ झाल्याचं त्याच्या लक्षात आलेलं नाही. मग कळलं की तो वाट पाहतोय. ते कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"सोड रे उपास," मी म्हटलं.

त्याने कप उचलला.